घोट्यावरची पट्टी

मला एका जागी बसवत नाही. आणि हे कोण सांगतंय, तर पायमशीनवर कपडे शिवून पोट भरणारी बाई! दिवसाचे दहा तास बसायचं माझं काम, आणि दर अर्ध्या तासाने मी उठते. पाणी पिते, इस्त्री तापली का बघते, दारात जाऊन गल्लीत डोकावते, पुन्हा बसते. ताई मला लहानपणापासून भिंगरी म्हणते. आता सगळी गल्लीच म्हणते. खरं नाव मला कागदावर सही करतानाच आठवतं.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. अकरा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी सात वर्षांची होते, त्यामुळे मला आईही तीच आणि शिवणकामातली मास्तरीणही तीच. हातशिलाईचं काम असलं की ती तोंडातल्या तोंडात टाके मोजायची. शंभर झाले की एक टाचणी स्वतःच्या बाहीवर खोचायची. मध्ये गिऱ्हाईक येऊ दे, दूध उतू जाऊ दे, हिचा आकडा काही मोडत नसे. मला ते कधी जमलं नाही. तीस-बत्तीसला पोचले की माझं लक्ष उडालंच. "तुझ्या पायातच नाही, डोक्यात पण भिंगरी आहे," ताई म्हणायची आणि माझे टाके उसवायची.

गेल्या वर्षी ताईच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. शाळेच्या गणवेशाचं कापड बेतत होती, हातातली कात्री पडली, आणि ती उचलायला म्हणून वाकली ती उठलीच नाही. दवाखान्यातून आली ती वॉकर घेऊन. जीभ जड झाली होती. एक शब्द बोलायचा तर आधी तो मनात शोधायची, मग तोंडात आणायची. माझा जीव वर-खाली व्हायचा. वाटायचं, आपणच म्हणून टाकावा तो शब्द. टाकायचेही, आणि ती डावा हात आपटायची.

डॉक्टर म्हणाले, पहिलं वर्ष महत्त्वाचं. या वर्षात व्यायामाने जेवढं परत येईल तेवढं आपलं, नंतर फार अपेक्षा ठेवू नका. तेव्हापासून सोमवार, बुधवार, शुक्रवार आमची व्यायाम केंद्राची वारी नाही चुकली. गल्लीच्या तोंडाशीच बसचा थांबा होता. आमच्या दारापासून थोडंसंच अंतर. दुकानाच्या मागेच घर असल्याने जिन्याची भानगड नाही. साडेनऊच्या बसचा ड्रायव्हर ओळखीचा झालेला, पायरी खाली करून, ताई चढेपर्यंत आरशात बघत थांबायचा. आठ महिन्यांत ताईचा उजवा पाय गुडघ्यातून उचलायला लागला. चार महिने उरले होते. मी उठता-बसता भिंतीवरचं कॅलेंडर बघायचे.

अशात ती पट्टीवाली आली.

पालिकेतली अधिकारी. वय असेल सत्तावीस-अठ्ठावीस, पायात डोळ्यांना खुपतील असे हिरवे बूट. बोलताना एका जागी उभी राहात नव्हती, म्हणून खरं तर मला पहिल्या झटक्यात आवडली. संध्याकाळी सगळ्या गल्लीला बाहेर बोलावून तिने योजना सांगितली. माणसं बसून बसून आजारी पडताहेत. म्हणून शहराने आता चालायचं ठरवलंय. प्रत्येक घरात माणशी एक पट्टी मिळेल. ती हातात घालायची, ती पावलं मोजेल आणि आकडा आपोआप पालिकेत जाईल. तीन महिन्यांत जी गल्ली सगळ्यात जास्त चालेल, तिला फुटपाथ करून मिळेल, एका बाजूने धरायला कठड्यासकट. शिवाय कचेऱ्यांमधल्या लिफ्ट सकाळी बंद राहतील, फार जवळजवळ असलेले बसथांबे जरा लांब लांब केले जातील, असं काय काय ती भराभर सांगत होती. मी त्यातलं एकच ऐकलं. कठडा.

आमच्या शिंप्यांच्या गल्लीला फुटपाथ नाही. कडेला गटार, गटारावर अर्धी फुटकी झाकणं. काजकाका गेल्या वर्षी त्यात कमरेपर्यंत गेले होते. हे आमच्या गल्लीतले सगळ्यात वडीलधारे, सत्तरी ओलांडलेले. मशीन शिवत नाहीत, फक्त हाताने काजं करतात, पण अशी की कोटवाले लांबून शोधत येतात. काकांनी उभं राहून विचारलं, "फुटपाथ नक्की ना? नंतर कानावर हात नाही ना ठेवणार?"

"नक्की," पट्टीवाली म्हणाली.

"मग आम्ही चंद्रावर चालत जाऊ," काका म्हणाले, आणि अठ्ठावीस दुकानांनी टाळ्या वाजवल्या.

आता घोळ कसा झाला ते ऐका. पट्टी मनगटात घालायची होती. पण शिवणाऱ्याचं डावं मनगट मोकळं असतं का कधी? तिथे टाचण्यांची उशी. माझी तर जेवतानासुद्धा काढायची राहते. उजव्या हाताने मशीनचं चाक फिरवायचं, तिथे पट्टी घातली तर कापडात अडकते, रेशमाचे धागे ओढते. पहिल्याच दिवशी तिघांचं कापड बिघडलं. मग कोणीतरी ती पट्टी पायात घातली. चालायचं पायांनीच आहे, मग पायातच घाला की! दुपारपर्यंत अख्ख्या गल्लीच्या घोट्याला पट्ट्या. कोणाच्या मनात पाप नव्हतं, शपथेवर सांगते.

पहिल्या दिवशी माझी पावलं झाली एकवीस हजार. मी हरखले. म्हटलं, बघा, भिंगरी भिंगरी म्हणून हसत होतात ना? समोरचा पडदेवाला, जो दुकानातून घरातसुद्धा जांभया देत जातो, त्याची झाली सव्वीस हजार. तेव्हा मला जरा खटकलं. तिसऱ्या दिवशी मी शिवलेले गणवेश पोचवायला शहराच्या दुसऱ्या टोकाला चालत गेले आणि चालत आले. पोटऱ्या भरून आल्या. आकडा बघितला तर नऊ हजार. चौथ्या दिवशी दिवसभर ढुंगण न हलवता पडदे शिवले, तर चोवीस हजार.

माझा पाय पायडलवरच होता. मी खाली बघितलं. पाय खाली-वर, खाली-वर, आणि घोट्यावर तो हिरवा आकडा टुकूटुकू पुढे सरकतोय.

आम्ही चालत नव्हतो. आम्ही शिवत होतो. मी हसले, मग हसू थांबलं, मग उठून दार लोटून घेतलं. सांगायला हवं होतं. त्याच दिवशी सांगितलं असतं तर दोन मिनिटांचा विनोद झाला असता. पण डोळ्यांपुढे तो कठडा आला. ताई डाव्या हाताने कठडा धरून, माझ्याशिवाय, एकटी थांब्यापर्यंत जातेय असं दिसलं. मी तोंड शिवून घेतलं.

नुसतं गप्प राहिले असते तरी ठीक. ताईच्या नावाचीही एक पट्टी आली होती. ताई म्हणाली, "मला... नको. माझं काय... मोजायचं?" पट्टी कपाटात पडून होती. मी ती काढली आणि माझ्या दुसऱ्या घोट्याला बांधली. बांधताना म्हटलं, तिच्यासाठीच तर करतेय. दोन्ही पाय पायडलवर, दोघी बहिणी जोरात.

यथावकाश सगळ्यांनाच कळलं. पण कोणी कोणाला बोललं नाही. नुसतं एकमेकांकडे बघून न बघितल्यासारखं करायचं. हाल झाले ते बिचाऱ्या काजकाकांचे. गल्लीत खरोखर चालणारा तो एकच माणूस, रोज पहाटे तळ्याला फेरी मारणारा. पण दिवसभर हातकाम, त्यामुळे आकडा सात हजार. "काका, तुमच्यामुळे गल्ली मागे पडतेय हो," पडदेवाला त्यांना चिडवायचा. काका आधी चिडले, मग विचारात पडले, आणि एका दुपारी मी बघितलं तर सुनेच्या मशीनवर बसून ते धडाधड पाय मारताहेत. मशीनमध्ये ना कापड, ना दोरा.

"काका, हे काय चाललंय?"

"व्यायाम," काका म्हणाले. "तू तुझं काम कर."

तीन महिन्यांनी आमची गल्ली पहिली आली. पहिली म्हणजे काय, दुसऱ्या नंबरच्या गल्लीच्या दुप्पट. पट्टीवाली हातात फुलं घेऊन आली. गल्लीच्या तोंडावर पाटी ठोकली, 'आदर्श चालती गल्ली'. फुटपाथ मंजूर झाला, पण पुढच्या वर्षीच्या कामांत. टाळ्या वाजत असताना दोन कामगार थांब्याच्या खांबावर एक कागद चिकटवत होते. मला कुठे चैन, मी जाऊन वाचला. येथील रहिवाशांची चालण्याची उत्तम सवय लक्षात घेता हा थांबा पुढच्या सोमवारपासून बंद करण्यात येत असून प्रवाशांनी आठशे पावलांवरील पुढचा थांबा वापरावा.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि मग एकदम सगळी विझलीच. ही कुऱ्हाड मीच धार लावून स्वतःच्या पायावर मारून घेतली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच पालिकेत गेले. चौथा मजला, आणि लिफ्ट योजनेमुळे अकरापर्यंत बंद. प्रत्येक पायरीवर चिकटवलेलं, ही पायरी चढून तुम्ही आयुष्य वाढवलंत. तसं असेल तर वर पोचेपर्यंत मी शंभरी गाठली होती, पण मला त्या घडीला एक सोमवार टळला तरी पुरे होता.

"बसा ना, मावशी," पट्टीवाली म्हणाली. मी हिची मावशी कधी झाले कोण जाणे! मला बसवेना. उभ्यानेच सांगितलं, माझ्या बहिणीला चालता येत नाही, वॉकर आहे, व्यायाम चुकला तर पाय गेला. चार महिने होते, त्यातला एकच उरलाय.

तिचा चेहरा खरंच पडला. "अहो, मग काळजीच करू नका. ज्यांची पावलं रोज दोनशेच्या खाली, त्यांच्यासाठी दारात गाडी येते. योजनेतच आहे ते. नाव सांगा."

मी ताईचं नाव सांगितलं. तिने यादी उघडली. बोट खाली खाली गेलं आणि थांबलं. तिने एकदा पडद्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"मावशी, यांची रोजची सरासरी एकोणीस हजार दोनशे आहे."

मी मनगटावरच्या टाचण्या चाचपल्या.

"मशीन चुकत असेल," मी म्हणाले.

"तीन हजार लोकांनी वापरलं, कोणाची तक्रार नाही." ती शांतपणे बोलत होती, त्याचाच मला जास्त राग येत होता. "एकोणीस हजारवाल्यांना गाडी दिली तर उद्या सगळं शहर दारात उभं राहील. तुमच्या घरात आणखी कोणी ही पट्टी वापरत होतं का?"

बस, एवढा एक प्रश्न. हो म्हटलं असतं तर तिथेच मिटलं असतं. मी तोंड उघडलं. अठ्ठावीस दुकानं डोळ्यांसमोर आली, ती पाटी आली, काकांचं गटारात अडकलेलं अर्धं अंग आलं. मी तोंड मिटलं, आणि सगळे मजले उतरून आले.

काकांना सांगितलं तर ते काजाची सुई तशीच धरून बसले. "अगं पोरी, बोलून टाकलंस तर एकट्या तुझी पट्टी खोटी ठरेल का? सगळ्यांच्या ठरतील. फुटपाथ गेला. वर पेपरात नाव. आदर्श चालती गल्ली आणि चालतं कोणीच नाही!" मग आवाज खाली आणून म्हणाले, "ताईला आम्ही खुर्चीत बसवून उचलून नेऊ. आळीपाळीने. तू बोलू नकोस."

"आठवड्यातून तीनदा? काका, तुम्हाला स्वतःला धरायला माणूस लागतो."

ते चार दिवस मी कसे काढले मलाच माहीत. शिवायला बसले की उठावंसं वाटे, उठले की कुठे जाऊ कळेना. एका गणवेशाला दोन डाव्या बाह्या लावल्या. रविवारी दुपारी ताई म्हणाली, "भिंगरी. बस... इथे." आणि पलंगावर थोपटलं. मी बसले, आणि सगळं ओकले. दुसरा घोटा, एकोणीस हजार, गाडी, सगळं.

ताई आधी हसली. तिला हल्ली अर्ध्याच तोंडाने हसू येतं. "मी? एकोणीस... हजार?" मग हसायची थांबली. माझ्या पायाकडे बघत राहिली.

"ताई, मार मला. पण बोल काहीतरी."

"माझी पट्टी... दे."

"कशाला?"

"माझी... आहे."

मी घोट्यावरून सोडून तिच्या हातात दिली. तिने ती उशीखाली ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. मला तिने चार लगावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

सोमवारी सकाळी मी म्हटलं, भाड्याची गाडी बोलावते. ताई स्वेटर घालून तयार होती. "नको. चालत. बसवाले... म्हणतात ना. चालत." उजवा पाय पुढे करून म्हणाली, "बांध." मी खाली बसून पट्टी तिच्या घोट्याला बांधली. आठला आम्ही दाराबाहेर पडलो. व्यायामाची वेळ साडेदहा. म्हटलं, आठशे पावलं, अडीच तास आहेत, जमेल.

आठशे पावलं कोणी मोजली होती कोण जाणे, पण त्याने हिरवे बूट घातले असणार. ताईचा वॉकर टक करून पुढे पडे, मग डावा पाय, मग उजवा घासत. एका पावलात वीतभर अंतर. ती तोंडातल्या तोंडात पुटपुटत होती. मला वाटलं कण्हतेय. मी म्हणत होते, "सावकाश, ताई," आणि मनात म्हणत होते, लवकर गं, लवकर. मी दोन पावलं पुढे जायचे, परत यायचे, पुन्हा पुढे जायचे. ती एकदा थांबून म्हणाली, "एका जागी... राहा. चक्कर... येते मला." मग जरा दम घेऊन म्हणाली, "टाचणी."

"काय?"

"टाचणी दे."

माझ्या मनगटावर उशी तशीच होती. मी टाचणी काढून दिली. तिने डाव्या हाताने ती उजव्या बाहीवर खोचली. म्हटलं, बाही उसवली असेल, आत्ता कुठे ते बघू! थोड्या वेळाने पुन्हा थांबली, पुन्हा टाचणी. माझं डोकं फिरायला आलं होतं. बसची वेळ होत चालली होती आणि हिला बाहीची पडलेली.

गल्लीच्या तोंडाशी, त्या पाटीखाली, ताईचा गुडघा वाकला. मी धरली. तेवढ्यात मागून आवाज आला, "थांब, थांब." काजकाका त्यांचं बैठं स्टूल घेऊन आले होते. ताईखाली स्टूल सरकवलं. ती बसली, दम घेतला, उठली. काकांनी स्टूल उचललं आणि सोबत चालायला लागले. मी मागे बघितलं. गल्लीत एकाही मशीनचा आवाज नव्हता. पडदेवाला, त्याची बायको, काकांची सून, सगळे दारात आले होते, आणि एकेक करून आमच्या मागे निघाले. सगळ्यांच्या घोट्यावर पट्ट्या होत्या.

साडेनऊची बस आमच्या डोळ्यांदेखत गेली. ओळखीच्या ड्रायव्हरने वेग कमी केला, आमच्याकडे बघितलं, पण तिथे थांबा नव्हता. त्याला थांबता येईना.

नव्या थांब्याला पोचलो तेव्हा सव्वादहा झाले होते. पट्टीवाली तिथेच होती, हातात कागद घेऊन नव्या थांब्यावर किती माणसं येतात ते टिपत होती. आमचं लटांबर बघून तिला वाटलं मोर्चा आला. मग तिची नजर वॉकरवर गेली. ताईच्या कपाळावरून घाम गळत होता, उजवा पाय थरथरत होता. काकांनी स्टूल ठेवलं, ताई बसली.

"या त्या?" तिने हळूच विचारलं.

"या त्या," मी म्हणाले. "बघा तुमची पट्टी."

ती ताईच्या पायाशी उकिडवी बसली आणि पट्टी वळवून बघितली. मग बोटाने दाबून पुन्हा बघितली.

"शून्य दाखवतेय," ती म्हणाली. "बिघडलीय वाटतं."

मी पण वाकून बघितलं. खरंच शून्य. घासत टाकलेलं पाऊल त्या पट्टीला कळलंच नव्हतं. सव्वादोन तास.

"बिघडलेली नाही," मी म्हणाले. पट्टी सोडून घेतली, माझ्या पायाला बांधली, थांब्याच्या बाकावर बसले आणि पाय हवेत पायडलसारखा हलवायला लागले. "बघा आता. वीस. पन्नास. सत्तर. बाई, आम्ही शिंपी आहोत. आम्ही तीन महिने बसलोय. ताईची पट्टी मी घालत होते, एकोणीस हजार माझ्या दुसऱ्या पायाचे आहेत. आमची गल्ली एक पाऊलही जास्त चाललेली नाही. काय करायचं ते करा, फुटपाथ काढून घ्या, पाटी काढा, पण हिची बस द्या." बोलताना मला रडू फुटलं आणि पाय मात्र थांबेना. आकडा चाललाच होता.

मी काकांकडे बघायची हिंमत केली नाही. तेच पुढे आले. घसा खाकरला. "माझी पण लबाडी आहे," ते म्हणाले. "मी तर मशीनमध्ये दोरासुद्धा घातला नव्हता."

पडदेवाल्याने वाकून आपली पट्टी सोडली आणि तिच्या हातात दिली. मग बाकीच्यांनीही.

पट्टीवाली हातात पट्ट्यांचा गुंता घेऊन उभी होती. पहिल्यांदाच ती एका जागी उभी असलेली मी बघितली. मग म्हणाली, "मावशी, फुटपाथचं मी आत्ता काही सांगू शकत नाही. पण यांचं शून्य आहे ना, मग गाडीचं आजच होईल. मी शून्य लिहिते. बुधवारपासून दारात गाडी येईल." आणि तिने पेन उघडलं.

मला हायसं वाटलं. खोटं कशाला सांगू, तिचे पाय धरावेसे वाटले.

"नाही," ताई म्हणाली.

"ताई, गप्प बस," मी म्हणाले. "लिहा तुम्ही."

"शून्य... नाही." ताईने डाव्या हाताने स्वतःचा उजवा हात उचलला आणि पट्टीवालीच्या पुढे धरला. स्वेटरच्या बाहीवर मनगटापासून कोपरापर्यंत टाचण्या. सरळ रांगेत, सारख्या अंतरावर, पूर्वी खोचायची तशाच. "मोज."

पट्टीवालीला काही कळेना. मला कळलं.

"मोजा," मी म्हणाले. "एकेक शंभराची आहे."

ती पुन्हा उकिडवी बसली. बोट टाचण्यांवरून सरकवत पुटपुटत मोजायला लागली. "तेवीस," ती म्हणाली.

"आणि... सोळा," ताई म्हणाली. "लिही."

तिने लिहिलं. दोन हजार तीनशे सोळा. मग वर बघून अगदी हळू म्हणाली, "पण एवढी पावलं लिहिली तर गाडी मिळणार नाही हो."

"गाडी नको. थांबा... आण. होता तिथे." ताईने वॉकर पुढे ओढला, काकांच्या खांद्यावर हात टाकून उठली आणि गल्लीच्या दिशेला तोंड केलं. व्यायामाची वेळ टळून गेलीच होती. वॉकर टक करून पुढे पडला. मग ती थांबली आणि माझ्याकडे हात पसरला.

"टाचण्या... आहेत ना? परत जायचंय."